ईसीएचएलचा हंगाम: घरच्या 36 सामन्यांपैकी कुठले विकत घ्यावेत

ॲलन, प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी. डॅलसच्या उत्तरेकडच्या या पट्ट्यात मराठी घरांना तोटा नाही, आणि या घरांच्या अगदी जवळ ऑक्टोबर ते एप्रिल आइस हॉकीचा एक व्यावसायिक संघ खेळत असतो. संघाचं नाव ॲलन अमेरिकन्स, लीगचं नाव ईसीएचएल. सर्वात वरच्या लीगमधल्या डॅलस स्टार्सच्या सामन्यापेक्षा इथलं तिकीट कितीतरी स्वस्त, म्हणून एकदा तरी लोक येतातच. त्यानंतर काही जण परत फिरकत नाहीत, आणि काही जण पहिल्याच रात्रीच्या उत्साहात पूर्ण हंगामाचं तिकीट घेऊन जानेवारीत उरलेल्या सामन्यांना गिऱ्हाईक शोधत बसतात. दोन्हीकडे नुकसानच.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नवख्याने पूर्ण हंगामाचं तिकीट घेऊ नये. दहा-बारा सामने निवडून घ्यावेत, आणि ते निवडताना गुणतक्त्यापेक्षा खेळाडूंच्या ये-जा यादीकडे जास्त लक्ष द्यावं. या लीगमध्ये संघ आठवड्याला बदलतो. ते बदल वाचता आले तर हा हंगाम अतिशय रंगतो. नाही आले, तर दर वेळी अनोळखी पोरं अनोळखी पोरांशी खेळताना दिसतात.

ईसीएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या हॉकीचा तिसरा थर. वर एनएचएल (नॅशनल हॉकी लीग), मधे एएचएल (अमेरिकन हॉकी लीग), मग ही. 1988 मध्ये पाच संघांवर ईस्ट कोस्ट हॉकी लीग म्हणून ती सुरू झाली. 2003 मध्ये पश्चिम किनाऱ्याकडच्या लीगमधले संघ आत आले, तेव्हा लांब नाव मागे पडलं आणि अक्षरं तेवढी राहिली. 2025-26 च्या हंगामात 30 संघ आहेत, चार विभागांत. प्रत्येकाचे 72 साखळी सामने, त्यातले निम्मे घरी. जिंकलात तर 2 गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर मारायच्या फटक्यांत) हरलात तर 1, साठ मिनिटांत हरलात तर काही नाही. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ बाद फेरीत जातात, तिथे प्रत्येक मालिकेत चार सामने आधी जिंकावे लागतात आणि शेवटी केली कप मिळतो. ॲलनने तो 2015 आणि 2016 असा लागोपाठ जिंकला. त्याआधी 2013 आणि 2014 मध्ये, सेंट्रल हॉकी लीगमध्ये असताना, तिथलंही विजेतेपद याच संघाकडे होतं.

हे रणजीसारखंच असेल असं आपल्याकडच्या माणसाला वाटतं. पण रणजीत मुंबईचा खेळाडू मुंबईचा असतो. इथे संघातले बरेच खेळाडू संघाचे नसतातच.

करार तीन प्रकारचे. काही खेळाडू एनएचएल संघाच्या करारावर असतात, काही एएचएल संघाच्या, बाकीचे ईसीएचएलच्या. पहिल्या दोन प्रकारच्या खेळाडूंना वरचा संघ खाली पाठवतो आणि मनात आलं की परत बोलावतो, त्यात खालच्या प्रशिक्षकाला काही विचारायचा प्रश्नच नसतो. तिसऱ्या प्रकारचा खेळाडू क्लबचा स्वतःचा. त्याला हंगामात आठवड्याच्या हिशेबाने पगार मिळतो, राहायची सोय क्लब करतो, आणि संघाच्या एकूण आठवडी पगाराला वरची मर्यादा असते. पण तोही हक्काचा नाही, कारण एएचएलचा संघ त्याला 25 सामन्यांच्या चाचणी करारावर उचलून नेऊ शकतो. त्यातच, 260 किंवा जास्त व्यावसायिक साखळी सामने खेळलेले चारच खेळाडू एका संघात ठेवता येतात, गोलरक्षक त्यातून वगळून. म्हणजे अनुभवी माणसांची फळी उभारून वर्षानुवर्षं तीच चालवायची सोय नाही. संघ तरुणच राहतो आणि हलताच राहतो.

ही साखळी सगळ्यात स्पष्ट दिसते ती गोलरक्षकाच्या बाबतीत. एनएचएलमधल्या एखाद्या गोलरक्षकाची मांडी दुखावली की एएचएलचा पहिला गोलरक्षक वर जातो, त्याच्या जागी ईसीएचएलमधला जातो, आणि ईसीएचएलचा संघ दक्षिणेकडच्या एसपीएचएल नावाच्या चौथ्या थरातून माणूस शोधायला लागतो. सकाळी फोन, संध्याकाळी सामना. वेळेत कुणीच पोचलं नाही तर गावातला हौशी गोलरक्षक पॅड बांधून राखीव म्हणून बाकावर बसतो. आपण तिकीट काढताना ज्याच्या जोरावर संघ तिसऱ्या क्रमांकावर होता, तो आपण खुर्चीत बसेपर्यंत दुसऱ्या राज्यात असू शकतो.

म्हणून लीग रोज प्रसिद्ध करते ती फेरबदलांची यादी वाचायला शिका. ‘असाइन्ड’ म्हणजे वरच्या संघाने खाली पाठवला. ‘रिकॉल्ड’ म्हणजे वर बोलावला. ‘लोन्ड’ म्हणजे आपला खेळाडू एएचएलला उसना दिला, आणि हाच शब्द सर्वात महत्त्वाचा, कारण आपल्याच करारावरचा चांगला खेळाडू गेला असा त्याचा अर्थ. ‘रिझर्व्ह’ म्हणजे संघात आहे पण आज खेळणार नाही. अदलाबदलीत ‘भविष्यातील मोबदला’ असं लिहिलेलं दिसलं तर समोरून आत्ता कुणी आलेलं नाही, हिशेब नंतर मिटवणार आहेत. सामन्याच्या दिवशी दुपारी ही यादी एकदा बघितली की रात्रीचा सामना कसा जाईल याचा बराच अंदाज येतो.

नेमकं काय बिघडतं तेही पाहा. सगळ्यात आधी बिघडतो पॉवर प्ले. प्रतिस्पर्ध्याचा एक जण दोन मिनिटं बाहेर बसलेला, आपण पाच विरुद्ध चार. या दोन मिनिटांचं सूत्र निळ्या रेषेवरच्या (जिथून प्रतिस्पर्ध्याचा भाग सुरू होतो) एका बचावपटूच्या हातात असतं: पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, कुठे द्यायचा, मारायचा की थांबायचं, सगळं तो ठरवतो. तो वर गेला की उरलेले चौघे जागा बदलतात आणि ताल जातो. ओळखायची खूण सोपी आहे. चांगला चालणारा पॉवर प्ले पक काठीवर ठेवून निळी रेषा ओलांडतो. बिघडलेला संघ पक कोपऱ्यात फेकून त्याच्यामागे धावतो, समोरचे तो पक रिंकभर लांब मारून बाहेर काढतात, आणि असं तीनदा झालं की दोन मिनिटं संपतात. नवी जुळणी बसायला निदान दोन आठवडे लागतात. अशा आठवड्यात तिकीट स्वस्त मिळालं तरी घ्यायची घाई नको.

पण याच अस्थिरतेतून या लीगचं खरं वैभव येतं. इथून एनएचएलपर्यंत पोचलेल्यांची संख्या सातशेच्या वर गेली आहे, आणि त्यात गोलरक्षकांची नावं डोळे दिपवणारी आहेत. रेडिंग रॉयल्सकडून खेळलेला जोनाथन क्विक 2012 आणि 2014 मध्ये लॉस एंजेलिसकडून एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकला. साउथ कॅरोलायना स्टिंगरेजचा ब्रेडन होल्टबी 2018 मध्ये वॉशिंग्टनकडून जिंकला, कॅलमझू विंग्जचा जॉर्डन बिनिंग्टन 2019 मध्ये सेंट लुइसकडून. गोलरक्षक नसलेल्यांपैकी आघाडीचा खेळाडू कार्टर व्हरहेगी मिझुरी मॅव्हरिक्सकडून खेळला. आज कॅन्सस सिटी मॅव्हरिक्स म्हणतात तोच हा संघ, ॲलनच्याच विभागातला. गोलरक्षकांना पिकायला वेळ लागतो, एका वेळी एकालाच खेळता येतं आणि वरच्या संघात जागा दोनच. म्हणून चांगल्यातले चांगले एक-दोन हिवाळे इथे काढतात. यादीत एनएचएल करारावरचा गोलरक्षक ‘असाइन्ड’ दिसला आणि येत्या शुक्रवारी घरी सामना असला, तर बेलाशक जावं. हे पैसे वसूल होतात.

डॅलस स्टार्सच्या चाहत्यांसाठी एक खास सूचना. स्टार्सची भावी पिढी ॲलनमध्ये दिसेल असं गृहीत धरून लोक येतात, पण स्टार्सचं ईसीएचएलमधलं नातं बरीच वर्षं बॉयसीच्या आयडाहो स्टीलहेड्सशी आहे, आणि त्यांचा एएचएल संघ ऑस्टिनजवळच्या सीडर पार्कला खेळतो. तेव्हा स्टार्सची पोरं बघायची असतील तर आयडाहो ॲलनला येईल तेव्हाचं तिकीट काढा. यजमानांच्या रंगाचा शर्ट घालून पाहुण्यांकडे बघत बसायला काहीच हरकत नाही.

आता तारखा. वेळापत्रक फार असमतोल असतं. प्रवास बसचा, म्हणून जवळचे संघ पुन्हा पुन्हा समोर येतात. ॲलनच्या माउंटन विभागात टल्सा सुमारे चार तासांवर आणि विचिटा पाचेक तासांवर. या दोघांशी हंगामात दहाहून अधिक वेळा गाठ पडते. आयडाहो, युटा, टाहो, रॅपिड सिटी हे लांबचे संघ मात्र येतात तेव्हा एकाच गावात मुक्काम ठोकून दोन-तीन सामने खेळून जातात, बहुधा बुधवार, शुक्रवार, शनिवार असे. आमची पहिली पसंती अशा मालिकेतल्या शुक्रवारला. बुधवारी दोन्ही संघ एकमेकांचा अंदाज घेतात, शुक्रवारपर्यंत प्रशिक्षकांनी आपापल्या फळ्या बदललेल्या असतात, मधे एक दिवस विश्रांती मिळालेली असते आणि बुधवारचे हिशेब चुकते करायचे बाकी असतात.

टाळायचा सामना म्हणजे तीन रात्रींत तीन सामन्यांमधला तिसरा. शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग खेळायचे, आणि मधे बसचा प्रवास. शनिवारचा सामना साडेनऊ-पावणेदहाला संपतो, सामान भरून बस निघते, संघ पहाटे पोचतो आणि रविवारी दुपारी चारला पुन्हा बर्फावर. त्या रविवारी गोलरक्षक बहुतेक वेळा दुसरा असतो. खेळाडू बर्फावर एका वेळी चाळीस-पंचेचाळीस सेकंद राहून बदलतात. दमलेला संघ मिनिटभर, सव्वा मिनिट अडकून पडतो आणि पाय चालत नाहीत म्हणून काठीने अडवायला जातो. काठी अडकवल्याच्या आणि पाय अडवल्याच्या पेनल्ट्या वाढतात त्या इथे. कोणता संघ प्रवास करून आलाय आणि कोणता घरीच होता, हे वेळापत्रकावरून आधी कळतं. दोघेही दमलेले असतील तर घरी राहावं. लहान मुलं असतील तर मात्र हाच रविवार बरा, कारण वेळ लवकरची असते आणि सामना संपल्यावर मुलांना बर्फावर स्केटिंग करू देण्याचे कार्यक्रम बरेच क्लब रविवारीच ठेवतात.

महिन्यांचंही असंच आहे. ऑक्टोबरात वरच्या संघांची शिबिरं नुकतीच संपलेली असतात, तिथून गळालेले खेळाडू खाली येतात. प्रत्येक जण चांगला, पण एकमेकांची ओळख नाही. डिसेंबर-जानेवारीत वरच्या थरात दुखापती वाढतात, खालचे संघ रिकामे होतात. मार्च सर्वात रंगतदार. महिन्याच्या पूर्वार्धात अदलाबदलीची मुदत संपते, त्याआधी प्रशिक्षक बाद फेरीसाठी माणसं जमवतात. आणि अमेरिकन कॉलेजांचा हंगाम संपला की बावीस-चोवीस वर्षांची मुलं हौशी चाचणी करारावर येऊन पहिल्यांदा व्यावसायिक सामना खेळतात. पदार्पणातला खेळाडू ओळखायला सोपा: सामन्याच्या वीस-वीस मिनिटांच्या तीन पिरियडपैकी पहिल्यामध्ये तो धडक बसेल म्हणून पक लवकर सोडतो आणि तिसऱ्यापर्यंत कुठे थांबायचं ते त्याला कळलेलं असतं. ज्याला फक्त चार सामने परवडतात, त्याने चारही मार्चमध्ये घ्यावेत.

खुर्ची कुठली, यावर लोक फार कमी विचार करतात. काचेला लागून पहिल्या दोन-तीन रांगांत आवाज आणि धडका जवळून मिळतात, पण रिंकचं पलीकडचं टोक दिसत नाही. 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद रिंकचा निम्मा खेळ मोठ्या पडद्यावर बघावा लागतो. आठव्या ते पंधराव्या रांगेच्या दरम्यान, कोपऱ्याच्या जरा आत बसावं. तिथून तिरक्या कोनातून पाचही जणांची मांडणी दिसते. आता कुठला कोपरा? संघ पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये आपल्या बाकाजवळची गोलजाळी राखतात. म्हणजे यजमानांचा हल्ला दोनदा बघायचा असेल तर पाहुण्यांच्या बाकाकडच्या टोकाला बसा. ॲलनचं रिंगण हॉकीसाठी सहा हजारांच्या आसपास खुर्च्यांचं, म्हणून वरच्या रांगांतूनही अंतर फारसं वाटत नाही. पैसे वाचवायचे असतील तर मध्यरेषेजवळची वरची रांग घ्या. डावपेच समजून घेणाऱ्याला ती खालच्या महागड्या जागेपेक्षाही उपयोगी पडते.

गोलजाळ्यांमागे वर जाळं असतं. 2002 मध्ये कोलंबसला एनएचएलच्या सामन्यात पक लागून एका मुलीचा जीव गेला, त्यानंतर ही जाळी सक्तीची झाली. बाजूंना मात्र काचेच्या वर जाळं नसतं. पक म्हणजे 3 इंच व्यासाचा, 1 इंच जाडीचा, सहा औंसांच्या आतबाहेरचा गोठवलेला टणक रबर. त्या बाजूला लहान मुलं घेऊन बसलात तर खेळ चालू असताना फोनमध्ये बघू नका, आणि मुलांना आतल्या खुर्चीवर बसवा.

दुसऱ्या पिरियडची एक गंमत आहे आणि ती कळली की सामन्याचा तो मधला भाग सर्वात चुरशीचा वाटतो. टोकं बदलल्यामुळे बचाव करणाऱ्यांचा बाक लांब जातो. दमलेल्या बचावपटूला बदली होण्यासाठी अर्धं रिंक ओलांडावं लागतं, ते जमेपर्यंत समोरचे ताजे खेळाडू येतात. दुसऱ्या पिरियडमध्ये गोल जास्त होतात त्याचं हे एक मोठं कारण. खाऊच्या रांगेत जायचं असेल तर पहिल्या पिरियडची शेवटची दोन मिनिटं सोडा, दुसऱ्याची सुरुवात सोडू नका.

बर्फाबद्दल. टेक्सासात ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये बाहेर उकाडा असतो, दारं सतत उघडतात, दमट हवा आत येते. काँक्रीटमध्ये पुरलेल्या नळ्यांतून थंड द्रव फिरवून वरचा सुमारे इंच-सव्वा इंचाचा बर्फ उणे चार-पाच अंशांवर ठेवतात, पण दमट हवेने वरचा थर मऊ होतो. त्यावर पात्यांनी किस पडतो, पक अडकतो, उभा राहतो, उडी मारतो. पक सामन्याआधी गोठवतात तेही त्याची उसळी कमी व्हावी म्हणून. पिरियड संपल्यावर झांबोनी यंत्र वरचा थर खरवडतं, धुतं आणि गरम पाण्याचा पातळ थर पसरतं. गरम एवढ्यासाठी की त्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते जुन्या बर्फाशी नीट सांधतं. म्हणून प्रत्येक पिरियडची पहिली आठ-दहा मिनिटं सर्वात स्वच्छ पासिंगची. शेवटची पाच मिनिटं धक्काबुक्कीची. जानेवारीतल्या कोरड्या थंडीत हा फरक बराच कमी होतो.

प्रेक्षकांत थंडी हाडं गोठवणारी नसते, पण अडीच तास बसून पाय गार पडतात. जाकीट, पायमोजे आणि मुलांना टोपी पुरे. मोठ्या आवाजाचा भोंगा प्रत्येक गोलला वाजतो, तान्हं मूल असेल तर कानावर लावायचं काहीतरी न्या. खाणं ही कमजोर बाजू. शाकाहारी माणसाला फ्रेंच फ्राइज, चीज नाचो, प्रेट्झेल, पॉपकॉर्न यापलीकडे फारसं काही मिळत नाही आणि दर रिंगणाचे. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, एकदा बाहेर पडलात तर बहुतेक ठिकाणी परत आत घेत नाहीत, आणि पारदर्शक पिशवीचा नियम अनेक रिंगणांत आहे. जेवून जावं हे उत्तम.

विशेष रात्रींपैकी टेडी बेअरची रात्र जरूर बघण्यासारखी. यजमानांनी पहिला गोल केला की हजारो लोक आणलेली मऊ खेळणी बर्फावर फेकतात, खेळ थांबतो, खेळाडू आणि स्वयंसेवक ती गोळा करतात आणि खेळणी गरजू मुलांना जातात. खेळणं नवं हवं, बॅटरीचं नको, आणि नाताळाआधीच्या तारखांमध्ये शोधा. विशेष जर्सीच्या रात्री सामन्यानंतर खेळाडूंच्या अंगावरच्या जर्सींचा लिलाव होतो, त्यातले पैसे बहुतेक वेळा एखाद्या स्थानिक संस्थेला जातात. शाळांसाठीचा सकाळचा सामना मात्र, शाळेबरोबर जात नसाल तर, टाळा. हजारो मुलांच्या किंकाळ्यांत खेळाडूंनाही शिट्टी ऐकू येत नाही.

मारामाऱ्या होतात. दोघांनी हातमोजे टाकले की पंच थोडा वेळ थांबतात, कुणी पडलं की वेगळं करतात, दोघांना पाच-पाच मिनिटं बाहेर. मुलांना आधी सांगून न्या. आम्हाला त्यात खेळाचं काही भलं दिसत नाही, आणि ज्या जाहिराती फक्त त्यावर तिकीट विकतात त्या खेळाडूंच्या कष्टांवर अन्याय करतात.

तिकिटांचे प्रकार साधारण चार: पूर्ण हंगाम, अर्धा हंगाम, ठरावीक सामन्यांचं पॅक, आणि कुठल्याही सामन्याला वापरता येणारी व्हाउचरं. आपल्या पद्धतीला व्हाउचरंच योग्य, कारण यादी बघून तारीख ठरवता येते. दोन गोष्टी विचारून घ्या: मोठ्या गर्दीच्या तारखा त्यातून वगळल्या आहेत का, आणि न वापरलेली व्हाउचरं शेवटच्या आठवड्यात चालतात का. ऑनलाइन घेताना वरचा आकार बराच लागतो, खिडकीवर तो कमी किंवा नसतो. पूर्ण हंगामाचं तिकीट दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेऊन तारखा वाटल्या तर मात्र परवडतं, आणि जागा कायम राहते.

आगाऊ पैसे भरताना क्लब किती भक्कम आहे हेही पाहा. न्यूफाउंडलंड ग्राउलर्सने 2018-19 या आपल्या पहिल्याच हंगामात केली कप जिंकला, आणि एप्रिल 2024 मध्ये लीगने हंगाम संपायच्या आतच त्यांचं सदस्यत्व रद्द केलं. उरलेले सामने झाले नाहीत. टोरांटोजवळचा ब्रॅम्प्टन बीस्ट 2021 मध्ये बंद पडला. कप जिंकलेला संघ आर्थिकदृष्ट्या सुरक्षित असेलच असं नाही. रिंगणाशी करार कधीपर्यंत आहे, मालकी अलीकडे बदलली का, भाडं थकल्याच्या बातम्या आहेत का, हे स्थानिक वर्तमानपत्रात दहा मिनिटांत सापडतं. पुढच्या हंगामाचे पैसे फेब्रुवारीत मागतात तेव्हा सवलतीपेक्षा आधी हे बघा, आणि हप्त्यांची सोय असेल तर ती घ्या.

टेक्सासबाहेरच्यांसाठी थोडक्यात. डेट्रॉइट परिसरात मराठी मंडळी मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यापासून तासाभरावर टोलीडो वॉलाय खेळतो. डेट्रॉइटच्या एनएचएल संघाशी, रेड विंग्जशी जोडलेला, गावाच्या मध्यावरचं हंटिंग्टन सेंटर भरून टाकणारा संघ. 2019, 2022, 2025 अशा तीन अंतिम मालिका तो हरला, तरी प्रेक्षक तसूभर कमी झाले नाहीत. प्रेक्षकांसाठी जायचं तर टोलीडोला जा, तिथे तिकीट आधी काढावं लागतं. सिनसिनाटीत सायक्लोन्स आहेत, 2008 आणि 2010 चे विजेते.

घरबसल्या बघायचं तर फ्लोहॉकी ही ऑनलाइन प्रक्षेपण सेवा. ईसीएचएलचे सामने 2020-21 पासून तिथे दिसतात, 2024-25 पासून एएचएलही तिथेच आली, त्यामुळे ‘रिकॉल’ झालेला खेळाडू वर काय करतोय हे त्याच वर्गणीत बघता येतं. हा या सेवेचा सगळ्यात मोठा फायदा. चित्र मात्र प्रत्येक रिंगणाप्रमाणे बदलतं. कुठे स्वच्छ, कुठे मुख्य कॅमेरा इतका खाली की जवळच्या कठड्याखालचा पक दिसतच नाही. समालोचन बरंचसं यजमान संघाच्या रेडिओवाल्याचं असतं, आणि ते ऐकण्यासारखं असतं, कारण तो माणूस संघाबरोबर बसने फिरतो आणि कोण का खेळत नाही हे त्याला ठाऊक असतं. रिप्ले मोजकेच. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, तेव्हा मे महिन्यात बंद करायची आठवण घेतानाच लावून ठेवा. पुण्या-मुंबईतून बघणार असाल तर पैसे भरण्याआधी सामने तिथे दिसतात का ते तपासा. वेळ सोयीची आहे: ॲलनचा संध्याकाळी 7:10 चा सामना जानेवारीत भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी 6:40 ला सुरू होतो, मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर 5:40 ला. बॉयसीचा 7:10 चा सामना जानेवारीत सकाळी 7:40 ला.

बाद फेरीचं गणित वेगळंच. साखळीतला वरचष्मा तिथे टिकेलच असं नाही. आयडाहोने 2022-23 मध्ये 58 विजय आणि 119 गुणांचा लीगचा विक्रम केला आणि अंतिम मालिकेत फ्लोरिडा एव्हरब्लेड्सकडून सलग चार सामने हरले. फ्लोरिडाने 2022, 2023, 2024 असे तीन कप लागोपाठ घेतले, 2025 चा कप क्वेबेकच्या त्र्वा-रिव्हिएर लायन्सने टोलीडोला हरवून नेला. एप्रिल-मेमध्ये वरच्या संघांचे हंगाम संपत जातात तसे खेळाडू खाली परत येऊ लागतात, म्हणून ईसीएचएलचा संघ वर्षातला सर्वात ताकदवान तेव्हा असतो. कुठल्या एएचएल संघाशी आपलं नातं आहे आणि तो बाद फेरीत गेला की नाही, हे बघूनच पहिल्या फेरीचं तिकीट काढा: तो बाहेर पडला असेल तर आपल्याला माणसं मिळतात, तो पुढे गेला असेल तर अडकून राहतात. आणि तारखा छापील वेळापत्रकाइतक्या पक्क्या धरू नका. वसंतात रिंगणं मैफिलींना आणि पदवीदान समारंभांना आधीच दिलेली असतात, त्यामुळे सामने पुढे-मागे होतात, कधी घरचे तीन सामने सलग येतात. परत मिळणारं किंवा तारीख बदलून मिळणारं तिकीटच घ्या, आणि पाचव्या सामन्यापासून पुढच्या तिकिटाचे पैसे मालिका तिथवर न गेल्यास किती दिवसांत परत येतात हे खिडकीवर विचारून ठेवा.